चांगला, चांगली आणि चांगलें

आमच्या नातीने यंदा शाळेत फ्रेंच घेतली आहे. डिंडोलीच्या घरात फ्रेंचचा एकही शब्द यापूर्वी शिरला नव्हता, त्यामुळे तिची वही हा घरात कौतुकाचा विषय झाला. एका संध्याकाळी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, पुल्लिंगी विशेषणाचे स्त्रीलिंगी करताना शेवटी कोणता आवाज वाढवायचा, हे ओळखायचे कसे?" आम्हांस फ्रेंच येत नाही. परंतु व्याकरणाचा नाद जुना असल्याने आम्ही वही वाचावयास घेतली, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आमच्याच भाषेतील एका दुखण्यापाशी येऊन पोहोचलो. ते दुखणे या पत्रिकेच्या वाचकांपुढे मांडावे, म्हणून हा लेख.

प्रथम फ्रेंचची गोष्ट. 'लहान' या अर्थाचे विशेषण पुल्लिंगात 'प्ती' असे उच्चारतात आणि स्त्रीलिंगात 'प्तीत'. (देवनागरीत हे उच्चार जवळपासचेच समजावेत.) 'मोठा' म्हणजे 'ग्राँ', 'मोठी' म्हणजे 'ग्राँद'. 'पांढरा' तो 'ब्लाँ', 'पांढरी' ती 'ब्लाँश'. 'जाडा' तो 'ग्रो', 'जाडी' ती 'ग्रोस'. क्रमिक पुस्तक सांगते की पुल्लिंगी रूपाला एक 'ए' हे अक्षर जोडले की स्त्रीलिंगी रूप मिळते. कागदावर ते बहुतांशी खरे आहे. तोंडात मात्र तो 'ए' उच्चारला जात नाही. त्याच्या जोडण्याने आधीचे मुके व्यंजन तेवढे बोलू लागते. मग कोठे त, कोठे द, कोठे श, कोठे स. पुल्लिंगी रूप नुसते ऐकून पुढे कोणते व्यंजन येणार हे कोणालाही सांगता येणार नाही. नातीचा प्रश्न अगदी रास्त होता.

लिओनार्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९३३ सालच्या आपल्या 'लँग्वेज' या ग्रंथात या गुंत्याची सोडवणूक उलट्या बाजूने केली. त्याचे म्हणणे असे की, बोलीतील फ्रेंचपुरते पाहावयाचे तर स्त्रीलिंगी रूप मूळ धरावे आणि त्याचे शेवटचे व्यंजन गाळावे, म्हणजे पुल्लिंगी रूप आपोआप हाती येते. 'प्तीत'मधून त गेला की 'प्ती', 'ग्राँद'मधून द गेला की 'ग्राँ', 'ब्लाँश'मधून श गेला की 'ब्लाँ'. याद्या पाठ करण्याची गरज उरत नाही. सर्वच विशेषणे या एका किल्लीने उघडतात असे नाही, पण एक मोठा वर्ग उघडतो. आम्ही नातीला हे सांगितले. तिने दहा-बारा शब्द लावून पाहिले आणि ती खूश झाली. शाळेत तसे म्हटले तर गुण मिळणार नाहीत, असेही तिने जाता जाता बजावले.

येथे आमच्या मनात पहिली शंका उभी राहिली. पुल्लिंग हे मूळ आणि स्त्रीलिंग ही त्याला जोडलेली शेपटी, ही समजूत भाषेतून आली की व्याकरण लिहिणाऱ्यांच्या सवयीतून? आपल्याकडेही लहानपणापासून 'पुल्लिंगी शब्दांची स्त्रीलिंगी रूपे लिहा' असाच प्रश्न आला आहे. 'स्त्रीलिंगी शब्दांची पुल्लिंगी रूपे लिहा' असा प्रश्न आमच्या सबंध विद्यार्थिदशेत एकदाही आला नाही.

मराठीपुरते पाहू. 'चांगला, चांगली, चांगले' यांत मूळ कोण? अंग आहे 'चांगल्', आणि त्याला आ, ई, ए हे तीन प्रत्यय सारख्याच हक्काने लागतात. कोणी कोणापासून निघालेले नाही. इतिहास पाहिला तरी तेच दिसते. संस्कृतातील अः, आ, अम् या त्रयीला प्राकृतात 'क' जोडला गेला, तो झिजला, आणि त्यातून मराठीचे आ-ई-एं व गुजरातीचे ओ-ई-उं तयार झाले. तिन्ही भावंडे एकाच वेळी जन्मली. असे असता आपले कोश विशेषण नेहमी 'चांगला' असे पुल्लिंगात देतात. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या कोशापासून ही वहिवाट आहे. आता शेजारचा गुजराती कोश उघडून पाहावा. गुजरात विद्यापीठाचा १९२९ साली प्रथम प्रसिद्ध झालेला 'सार्थ गुजराती जोडणीकोश' आमच्या टेबलावर नोकरीची सगळी वर्षे होता. त्यात 'सारो' सापडत नाही, 'सारी' सापडत नाही. सापडते ते 'सारुं'. नपुंसकलिंगी रूप हेच तेथे शीर्षस्थानी. क्रियापदही तसेच, 'करवुं'. आणि गंमत अशी की मराठी कोशही क्रियापद देताना 'करणे' असे नपुंसकलिंगी रूपच देतो. 'त्याचे करणे', 'तिचे बोलणे' यांवरून ते नपुंसकलिंगी असल्याचे कळते. म्हणजे क्रियापदाला एक न्याय आणि विशेषणाला दुसरा! या विसंगतीचे कारण आम्हांस कोणत्याही शालेय व्याकरणात दिलेले आढळले नाही.

वास्तविक मराठी बोलणारा मनुष्य जेव्हा कोणा एका पुरुषाविषयी वा स्त्रीविषयी बोलत नसतो, तेव्हा त्याची जीभ आपोआप नपुंसकलिंगाकडे वळते. 'बरे झाले', 'खरे सांग', 'वाईट वाटले'. दारावर थाप पडली, बाहेर पुरुष आहे की बाई हे ठाऊक नाही, तर आतून प्रश्न येतो, "कोण आलंय?" शेजारच्या गुजराती घरातून त्याच प्रसंगी "कोण आव्युं?" असा प्रश्न येतो. फ्रेंच गृहस्थाला ही सोय नाही. त्याच्या भाषेत लॅटिनचे नपुंसकलिंग केव्हाच लोपले आहे. अनोळखी पाहुण्यालाही त्याला पुल्लिंगातच आत घ्यावे लागते. हिंदीचीही तीच गत. मराठी, कोंकणी आणि गुजराती या शेजारणींनी मात्र तीन लिंगांचा वारसा जपला.

या ठिकाणी एका फ्रेंच माणसाचे ऋण मान्य करावयास हवे. झ्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवरील आपला फ्रेंच ग्रंथ १९२० साली पॅरिसहून प्रसिद्ध केला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली 'मराठी भाषेचा विकास' या नावाने तो मराठीत आणला. आपल्या भाषेची ध्वनी आणि रूपे यांची वंशावळ इतक्या शिस्तीने मांडणारा ग्रंथ त्यापूर्वी नव्हता. त्यातील बारकावे वाचताना दमछाक होते, पण प्रत्येक पानावर विश्वास बसत जातो. आमची तक्रार एवढीच की या ग्रंथाला रूपे दिसतात, ती वापरणारी माणसे फारशी दिसत नाहीत. कोणते रूप कोण, कोणासमोर, कोणत्या भावनेने वापरतो, हा त्याचा विषयच नव्हे. आमच्यासारख्या परप्रांतीय मराठी कुटुंबांना नेमका तोच विषय रोज घरी भेटतो.

मराठी व्याकरणाचे आद्य पुरुष दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे आणि आपल्या सुरतेचे नाते अनेकांच्या लक्षात नसते. 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे ते शिक्षक म्हणून सुरतेस आले, आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजी प्रभृतींच्या बरोबरीने येथे 'मानव धर्म सभा' स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. मराठीला व्याकरणाची चौकट देणारा मनुष्य आपल्या उमेदीची वर्षे या तापीकाठी, गुजराती बोलणाऱ्यांच्या सहवासात राहिला, हे आम्हांस नेहमी विचार करावयास लावते. येथे त्यांनी 'सारो, सारी, सारुं' रोज ऐकले असणार. दादोबांच्या पुढे मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले आणि अरविंद मंगरूळकर यांनी १९६४ साली 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' केला. मोठमोठी घरे बांधली गेली. शाळेच्या पुस्तकात मात्र इंग्रजीच्या वळणाची पुल्लिंग-स्त्रीलिंगाची जोडीच पुढे राहिली आणि नपुंसकलिंग तिसऱ्या रकान्यात जाऊन बसले.

त्या तिसऱ्या रकान्यावर आणखी एक प्रसंग गुदरला. आमच्या आजोबांच्या वेळची पत्रे पाहिली तर त्यांत 'चांगलें घर', 'चांगलीं घरें' असे अनुस्वार दिसतात. हे टिंब शोभेचे नव्हते. 'चांगलें' म्हणजे एक घर, 'चांगले' म्हणजे अनेक मुलगे. 'चांगली' म्हणजे एक मुलगी, 'चांगलीं' म्हणजे अनेक घरे. तीन लिंगे आणि दोन वचने मिळून होणारी सहाही रूपे कागदावर वेगवेगळी होती. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. उच्चारात नाही ते लेखनात कशाला, हा युक्तिवाद बिनतोड होता आणि आम्ही तो नाकारीत नाही. मुलांच्या पाठीवरील पुष्कळ ओझे त्याने हलके झाले. परंतु हिशेब मांडावयाचा तर सहा रूपांची चार झाली, आणि जी दोन गेली ती दोन्ही नपुंसकलिंगाची होती. आज कागदावर नपुंसकलिंगाला स्वतःचे असे एकही रूप नाही. एकवचनात ते पुल्लिंगाच्या अनेकवचनाचा अंगरखा घालते आणि अनेकवचनात स्त्रीलिंगाच्या एकवचनाचा. लेखनात बोली वापरताना 'चांगलं' असे टिंब येते, तेवढीच त्याची स्वतःची खूण. कोंकणीत अजूनही 'बरें' आणि 'बरीं' सानुनासिक ऐकू येतात. गुजरातीने तर टिंब लेखनातही राखले आहे: 'छोकरा' म्हणजे मुलगे, 'छोकरां' म्हणजे मुलगे-मुली मिळून सगळी पोरे. एका टिंबात केवढा फरक आहे पाहा.

हे सारे आम्ही सांगतो याचे कारण, आमच्या मते येथील घरोघरी होणारा एक अन्याय. पुण्याहून वा नाशिकहून पाहुणे आले की आमच्या मुलांच्या मराठीवर हसतात. पुष्कळदा हसण्यासारखे असतेही. 'माझी आईला बरं नाही' हे वाक्य डिंडोलीत दिवसातून दहा वेळा कानी पडते. गुजरातीत 'मारी माने' असे म्हणतात, तेथे विशेषणाचे स्त्रीलिंग विभक्तीपुढेही टिकते. मराठीत नामाला विभक्तीप्रत्यय लागला की त्याच्या आधीचे विकारी विशेषण लिंगभेद विसरते आणि 'चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, चांगल्या घराला' असे एकच सामान्यरूप धारण करते. हा मराठीचा कणा आहे. 'माझी आईला' ही चूकच, आणि ती घरी सुधारलीच पाहिजे, याबाबत आम्ही कठोर आहोत. तशीच दुसरी. गुजरातीचा 'ते' हा पुरुष, स्त्री आणि वस्तू सर्वांना एकच, त्यामुळे 'तेनी मा' म्हटले तर ती मुलाची की मुलीची हे कळत नाही. फ्रेंचमध्येही अगदी हेच घडते: स्वामित्वदर्शक शब्द ज्या नामाचा असतो त्याचे लिंग घेतो, मालकाचे नव्हे. इंग्रजीत उलट, तेथे मालकाचे लिंग कळते, वस्तूचे कळत नाही. मराठी एकटी दोन्ही सांगते. 'तिचा भाऊ' या दोन शब्दांत बहीण स्त्री आहे आणि भाऊ पुरुष आहे, या दोन्ही गोष्टी विशेषणाने नोंदल्या. आमची नातवंडे मैत्रिणीविषयी बोलताना 'त्याची आई' म्हणतात तेव्हा हे वैभव ती नकळत टाकून देत असतात.

इतपत पाहुण्यांशी आमचे एकमत आहे. परंतु पाहुणे येथे थांबत नाहीत. 'तिकीट काढली', 'पेन हरवली', 'ऑफिस मोठी आहे' यांवरही ते हसतात. तिकीट, पेन आणि ऑफिस मराठीत नपुंसकलिंगी व गुजरातीत स्त्रीलिंगी आहेत खरे. पण हे शब्द ना मराठीचे ना गुजरातीचे. परका शब्द ज्या आळीत राहावयास येतो त्या आळीचे लिंग घेतो. सुरतेतील मोठ्या सरकारी रुग्णालयाला सबंध शहर 'नवी सिव्हिल' म्हणते. तेथे आजाऱ्याला नेताना मराठी मनुष्याने 'नवे सिव्हिल' म्हणण्याचा आग्रह धरला तर रिक्षावाला क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहील. अशा शब्दांत आम्ही सुरतेचा निर्णय मान्य करतो. अखेर लिंग हे वस्तूत नसतेच. 'मृत्यू' हा एकच शब्द मराठीत पुल्लिंगी, गुजरातीत नपुंसकलिंगी ('मृत्यु थयुं'), आणि फ्रेंचमध्ये त्या अर्थाचा शब्द स्त्रीलिंगी. जाणारा मात्र सगळीकडे सारखाच जातो. चहा तर आमच्या घरातच दोन लिंगांनी प्याला जातो. आम्ही 'चांगला' म्हणतो, सूनबाई येथेच वाढलेल्या असल्यामुळे 'चांगली झाली' म्हणतात, आणि कप दोन्ही पक्षी रिकामा होतो.

आणि आता अन्यायाचा मुख्य भाग. आमच्याकडील जुन्या घरांतून 'आईबाबा आली', 'काका-काकू गेली', 'ती दोघं उद्या येणार' असे बोलतात. पाहुणे म्हणतात, हा गुजरातीचा परिणाम. गुजरातीत 'माबाप आव्यां' म्हणतात म्हणून तुम्हीही म्हणता. शुद्ध मराठीत 'आईबाबा आले', 'ते दोघे येणार'. यावर आमचा आक्षेप आहे. स्त्री आणि पुरुष एकत्र आले असता त्यांचा निर्देश नपुंसकलिंगी अनेकवचनाने करावा ही मराठीची स्वतःची जुनी रीत आहे. 'नवराबायको आली', 'ती दोघं' ही रूपे आजही महाराष्ट्रातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. दोन पुरुष असतील तर 'ते दोघे', दोन स्त्रिया असतील तर 'त्या दोघी', एक पुरुष व एक स्त्री असेल तर 'ती दोघे', पूर्वीच्या लेखनात 'तीं दोघें'. टिंब गेल्यावर 'दोघे' पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हे कागदावरून कळेनासे झाले, आणि हळूहळू 'ती'चेही 'ते' होऊ लागले. सुरतेच्या मराठी घरांनी ही रीत शेजाऱ्यांच्या आधाराने टिकवली असेल तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? उसनवारी आणि जपणूक यांत फरक करावयास हवा.

याचा आणखी एक पुरावा आपल्या 'माणूस' या शब्दातच दडलेला आहे. 'चांगला माणूस' हे पुल्लिंगी एकवचन. अनेकवचन मात्र 'चांगली माणसे', सरळ नपुंसकलिंगी. एकटा असतो तोवर पुरुष, आणि चारचौघांत मिसळला की तो भेद गळून पडतो. नातीच्या वहीच्या निमित्ताने आम्ही फ्रेंच व्याकरणाचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवले होते, त्यात याला एक जुळा भाऊ सापडला तेव्हा आम्हांस मोठा आनंद झाला. 'लोक' या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे 'झाँ'. विशेषण त्याच्या आधी आले तर ते स्त्रीलिंगी होते, मागाहून आले तर पुल्लिंगी. 'म्हातारी माणसे' म्हणताना 'व्हिएय झाँ' असे स्त्रीलिंगी विशेषण येते, आणि त्याच वाक्यात पुढे 'सुखी आहेत' म्हणावयाचे तर 'सुखी' पुल्लिंगी! प्रेम, आनंद आणि ऑर्गन हे वाद्य यांना त्या भाषेत जे शब्द आहेत ते एकवचनात पुल्लिंगी आणि अनेकवचनात परंपरेने स्त्रीलिंगी. व्याकरणकारांनी किती कुंपणे घातली तरी माणसांची गर्दी ती ओलांडते असे दिसते.

मिश्र समूहाबाबत मात्र फ्रेंचने कठोर निकाल दिला आहे. शंभर स्त्रिया आणि एक पुरुष असला तरी विशेषण पुल्लिंगी. 'पुल्लिंग स्त्रीलिंगावर मात करते' अशाच शब्दांत हा नियम तेथील शाळांतून पिढ्यान्पिढ्या घोकून घेतला गेला. तो अनादी नाही. सतराव्या शतकापर्यंत विशेषणाने आपल्या सर्वांत जवळच्या नामाचे लिंग घ्यावे, अशीही रीत तेथे प्रचलित होती. रासीनसारख्या नाटककाराच्या लेखनात तिचे दाखले आहेत. आपण नाही का, 'त्याने एक पाटी, एक पुस्तक आणि दोन पेन्सिली आणल्या' असे म्हणताना शेवटच्या पेन्सिलींकडे पाहून क्रियापद ठरवीत? पुढे व्होजला या वैयाकरणाने १६४७ साली पुल्लिंग हे अधिक 'उदात्त' असल्याचे प्रतिपादन केले, आणि दरबारी वजनामुळे ते मत हळूहळू नियम झाले. २०१७ च्या नोव्हेंबरात तेथील ३१४ शिक्षकांनी आपण हा नियम यापुढे शिकवणार नाही असे जाहीर केले. त्याच्या थोडेच आधी फ्रेंच अकादमीने नव्या 'समावेशक' लेखनपद्धतीला भाषेवरील प्राणसंकट ठरवले होते, आणि पंतप्रधानांनीही सरकारी दस्तऐवजांत ती वापरू नये असे परिपत्रक काढले. परिपत्रकांचे आयुष्य किती असते हे आम्ही जाणतो. त्याच अकादमीने २०१९ साली व्यवसायांची स्त्रीलिंगी नावे मान्य केली.

ज्या तिसऱ्या जागेवाचून फ्रेंच समाज आज इतका अडला आहे, ती आपल्या घरात हजारो वर्षांपासून आहे. ती जागा निर्दोष आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कोंकणीत तरुण मुलीचा उल्लेख 'तें' असा नपुंसकलिंगी करतात; त्यात माया आहे हे खरे, तसे लहान लेखणेही आहे. गुजरातीत उलट, वडील स्त्रीला मान द्यावयाचा तर नपुंसकलिंगी अनेकवचन, 'बा आव्यां'. आपण त्याच ठिकाणी 'आत्याबाई आल्या' असे स्त्रीलिंगी अनेकवचन वापरतो, आणि आम्हांस तेच अधिक सरळ वाटते. तेव्हा नपुंसकलिंग म्हणजे समता, असे सोपे समीकरण मांडता येत नाही. सरकारी टिपणात तर आम्ही या साऱ्यांतून वेगळीच पळवाट काढीत असू. 'मंजूर करवामां आवे छे' असे लिहिले की मंजूर करणारा पुरुष होता की स्त्री, किंबहुना कोणी होता की नव्हता, हेच उरत नाही.

या तिसऱ्या जागेची सर्वांत मोठी हानी आज एका अगदी साध्या शब्दात होत आहे, तो म्हणजे 'मुले'. 'मूल' नपुंसकलिंगी, त्याचे अनेकवचन 'मुले', आणि त्यात मुलगे व मुली दोन्ही आली. 'आम्हांला तीन मुले आहेत' असे कोणी म्हणाले तर त्यांत किती मुलगे हे विचारावे लागते. मुलग्यांसाठी वेगळा शब्द होता व आहे, 'मुलगे'. परंतु शाळांच्या पटावर, निकालांच्या तक्त्यांत, वृत्तपत्रांत आता सर्रास 'मुले' आणि 'मुली' असे दोन रकाने पडतात. या जोडीत 'मुले' याचा अर्थ मुलगे एवढाच उरतो. जो शब्द सर्वांचा होता तो एका बाजूला देऊन टाकला, आणि मुली त्यातून बाहेर पडल्या. 'चांगली मुले' या शब्दांत पूर्वी आपल्या लेकीही बसत होत्या. फ्रेंचला जे एका वैयाकरणाच्या मतामुळे आणि शाळांच्या घोकंपट्टीमुळे साधले, ते आपण कोणी न सांगता, केवळ रकान्याची रुंदी कमी म्हणून करून बसलो. 'मुलगे' या शब्दाला एकच अक्षर अधिक लागते.

हे लिहीत असताना आमच्या समोर आपल्याच मंडळाच्या वार्षिक निबंधस्पर्धेचे प्रवेशपत्र आहे. त्यावर 'गट: मुले / मुली' असे छापलेले आहे. मागील कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही तेथे 'मुलगे / मुली' असे करावे, अशी सूचना मांडली. एका सदस्यांना 'मुलगे' हा शब्द ग्रामीण वाटला. दुसऱ्यांनी गट वेगळे ठेवण्याचे प्रयोजनच काय, निबंधाला कसले लिंग, असे विचारले. त्यावर उत्तर कोणापाशी नव्हते. यंदाची पत्रे छापून तयार असल्याने विषय पुढील वर्षावर गेला आहे. नातीने आपले प्रवेशपत्र भरले तेव्हा 'मुले' हा शब्द पेनाने खोडून वर 'मुलगे' असे लिहिले, आणि मगच 'मुली'वर खूण केली.